श्रवणयंत्राचे सुटे भाग आणि जोडसाधने

श्रवणयंत्राचे झिजणारे किंवा ठरावीक काळाने बदलावे लागणारे भाग (सेल, नळी, कानात बसणारा मोल्ड, टोकाची टोपी म्हणजे डोम, मळ अडवणारी जाळी, ध्वनिक्षेपक म्हणजे रिसीव्हर, चार्जर) आणि यंत्राला फोन वा टीव्हीशी जोडणारी साधने मूळ यंत्राशी व वापरणाऱ्याच्या श्रवणदोषाशी जुळतील अशी निवडण्याची पद्धत. नाशिकमध्ये बोलताना ‘श्रवणयंत्र’ क्वचितच ऐकू येते. सगळे ‘कानाचे मशीन’ म्हणतात. मशीन बसवून देणारी ऑडिओलॉजिस्टची (श्रवणतज्ज्ञाची) क्लिनिके शहरात कॉलेज रोड, गंगापूर रोड, शरणपूर रोड या पट्ट्यात आहेत. सुट्या भागांची, विशेषतः सेलची, चौकशी मात्र औषधांच्या, चष्म्यांच्या आणि घड्याळांच्या दुकानांतही होते. सुरगाणा, पेठ किंवा येवल्याहून एसटीने आलेला माणूस एका नळीसाठी अख्खा दिवस घालवतो आणि चुकीचा भाग घेऊन परतला, तर पुढच्या खेपेपर्यंत मशीन डबीत पडून राहते. म्हणून एक गोष्ट आधीच पक्की करावी : भाग बसला म्हणजे तो जुळला असे होत नाही.

सेल : ‘कानाच्या मशीनचा सेल द्या’ म्हटल्यावर जाणता दुकानदार पहिला प्रश्न करतो, ‘कोणता रंग?’ १० क्रमांकाचा सेल पिवळ्या, ३१२ तपकिरी, १३ केशरी आणि ६७५ निळ्या खुणेचा असतो. हे क्रमांक आणि रंग बहुतेक सर्व कंपन्यांत सारखेच असल्याने सेल घेताना मशीनची कंपनी पाहावी लागत नाही. ३१२ आणि १३ या दोन्हींचा व्यास ७.९ मिमी असतो, जाडी मात्र अनुक्रमे ३.६ व ५.४ मिमी. घाईत अदलाबदल झाली, तर ३१२ चा सेल १३ च्या कप्प्यात खुळखुळतो. उलट १३ चा सेल ३१२ च्या कप्प्यात दाबला, तर दाराची बिजागरी तुटते.

खरी फसगत वेगळीच आहे. श्रवणयंत्राचा सेल झिंक-एअर जातीचा असतो. त्याच्या एका बाजूला बारीक छिद्रे असतात, त्यांतून आत जाणाऱ्या हवेतील ऑक्सिजनवर तो चालतो, आणि एक रसायन हवेतूनच मिळत असल्याने एवढ्याशा आकारात भरपूर ऊर्जा मावते. आंतरराष्ट्रीय संकेतांत ३१२ ला पीआर४१, १३ ला पीआर४८ आणि ६७५ ला पीआर४४ म्हणतात. खेळणी, घड्याळे, थर्मामीटर यांत लागणारे अल्कलाइन सेल एलआर४१, एलआर४८, एलआर४४ या नावांनी मिळतात, आणि त्यांची मापे याच क्रमाने तंतोतंत तीच असतात. फरक फक्त पहिल्या अक्षराचा. एलआर४४ हा सेल ६७५ च्या कप्प्यात टक्कन बसतो आणि मशीन सुरूही होते. पण त्याची क्षमता झिंक-एअरच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी किंवा त्याहून कमी असते. तो लवकर संपतो, शक्तिशाली मशीनला पुरेसा प्रवाह देत नाही आणि संपल्यावर तसाच राहिला तर गळून संपर्कपट्ट्या खराब करतो. घरचे लोक मग ‘मशीनच बिघडले’ असे धरून चालतात. पाकिटावर पी हे अक्षर आणि सेलवर रंगीत चिकटपट्टी, एवढे दोन पुरावे पाहिल्याशिवाय सेल घेऊ नये.

चिकटपट्टी काढली की सेल जागा होतो. ती परत लावून तो झोपत नाही. पट्टी काढल्यावर २ ते ५ मिनिटे तो उघडा ठेवून मग बसवावा, म्हणजे आत पुरेशी हवा जाते आणि व्होल्टता १.४ च्या आसपास स्थिरावते. सेलचे आयुष्य हवामानावरही अवलंबून असते. एप्रिल-मे महिन्यांतील नाशिकच्या कोरड्या उन्हात आतील द्राव सुकतो, तर इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाळी हवेत ओल आत शिरते. दोन्हींमुळे दिवस घटतात. मशीन रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवताना सेल बाहेर काढून ठेवावा, कारण ती डबी सेललाही सुकवते. कॉक्लिअर इम्प्लांटच्या (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेल्या साधनाच्या) बाह्य यंत्राला ६७५ चाच, पण अधिक प्रवाह देणारा वेगळा प्रकार लागतो. त्याच्या पाकिटावर इम्प्लांटचा स्पष्ट उल्लेख असतो. घरात लहान मूल असेल तर वापरलेला सेलही हाताशी ठेवू नये. गिळलेला बटण-सेल अन्ननलिकेत अडकला तर २ तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा करू शकतो.

नळी आणि मोल्ड : कानामागच्या मशीनचा आवाज त्याच्या वाकड्या, पोकळ हुकमधून नळीत आणि नळीतून मोल्डद्वारे कानात जातो. नेहमीच्या नळीला १३ क्रमांक म्हणतात व तिचा आतील व्यास सुमारे १.९ मिमी असतो. येथेही १३ असल्याने ग्राहक सेलचा आणि नळीचा क्रमांक हमखास एक करतात. भिंतीची जाडी वेगवेगळी असते. जोरकस मशीनला जाड भिंतीची नळी लागते, नाही तर आवाज भिंतीतून झिरपून शिट्टी वाजते. नळी ३ ते ६ महिन्यांत पिवळी आणि ताठ होते. ताठ नळी हुकवरून सटकते, आणि ती आखडल्यामुळे मोल्ड कानातून थोडा वर ओढला जातो. आजी ‘कान दुखतो’ म्हणतात तेव्हा दोष कित्येकदा कानाचा नसून या दोन इंचांच्या नळीचा असतो. नवी नळी कापताना मशीन कानामागे आणि मोल्ड कानात ठेवून लांबी धरावी लागते; जुन्या नळीचे माप घेऊन कापलेली नवी आखूड पडते, कारण जुनी आटलेली असते.

मोल्ड हा तर कानाच्या ठशावरून घडवलेला असतो. तो दुसऱ्याचा चालत नाही आणि वाढत्या वयाच्या मुलाला त्याचा स्वतःचाही फार काळ चालत नाही. तान्ह्या मुलांत तो काही महिन्यांतच सैल होतो. कडक ॲक्रिलिक मोल्डमध्ये नळी चिकटवता येते, मऊ सिलिकॉनमध्ये साधे चिकटद्रव्य धरत नाही, हे मागवतानाच सांगावे लागते.

डोम, रिसीव्हर आणि जाळी : ज्या मशीनमध्ये बारीक वायरच्या टोकाला असलेला ध्वनिक्षेपक, म्हणजे रिसीव्हर, थेट कानाच्या भोकात जातो, त्यांत जुळणीचा प्रश्न सर्वांत नाजूक होतो. वायरवर किंवा रिसीव्हरवर २एम, ३पी अशी खूण असते : अंक वायरची लांबी सांगतो, अक्षर ताकद (एम मध्यम, पी जास्त). उजव्या कानाला लाल आणि डाव्याला निळी खूण, हा संकेत सर्वत्र पाळला जातो. एम ऐवजी पी बसवला, तर मशीनच्या सॉफ्टवेअरला तसे कळवून मशीन पुन्हा लावावे, म्हणजे कानाच्या दोषाप्रमाणे जुळवावे लागते. काही मशीन चुकीचा रिसीव्हर ओळखून चालूच होत नाहीत. जी चालतात त्यांचा आवाज कानाला घातक ठरू शकतो.

डोम म्हणजे टोकाची सिलिकॉनची टोपी. ती स्वस्त आणि दिसायला क्षुल्लक असल्याने सर्रास अंदाजाने घेतली जाते. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटात वर्षे काढलेल्या कामगाराचे ऐकणे बहुधा ४००० हर्ट्‌झच्या आसपासच्या उंच स्वरांत घटलेले असते, खालचे स्वर शाबूत असतात. त्याला छिद्रांचा, उघडा डोम दिलेला असतो. तो निसटतो म्हणून त्याने बंद डोम आणून लावला, की स्वतःचा आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो, जेवताना चावण्याचा आवाज सहन होत नाही, आणि मशीन कपाटात जाते. उलट, तीव्र श्रवणदोषाला उघडा डोम लावला तर खालचे स्वर गळून जातात व शिट्टी वाजते. डोमचा प्रकार बदलणे म्हणजे मशीनचे लावणेच बदलणे, आणि ते ऑडिओलॉजिस्टकडूनच व्हावे. त्याच प्रकाराचा, त्याच मापाचा नवा डोम मात्र घरी बदलायला हरकत नाही. तो ओढून पक्का बसल्याची खात्री करावी, कारण सैल डोम कानातच राहतो आणि तो काढायला डॉक्टरांकडे जावे लागते.

मळ अडवणारी जाळी एका बारीक काडीवर येते. काडीचे एक टोक रिकामे, दुसऱ्यावर नवी जाळी. रिकामे टोक जुन्या जाळीत खुपसून सरळ बाहेर ओढायचे, काडी उलटी करायची, नवी दाबायची. एका कंपनीची जाळी दुसऱ्या कंपनीच्या रिसीव्हरमध्ये बहुतेक वेळा बसत नाही, आणि जोर केल्यास आत घुसून रिसीव्हर निकामी करते. एकाच समूहातील नाममुद्रांचे भाग मात्र पुष्कळदा सारखे असतात : फोनॅक व युनिट्रॉन हे सोनोव्हाचे, ओटिकॉन व बर्नाफॉन हे डिमांटचे, सिग्निया आणि वायडेक्स २०१९ पासून एका समूहात आले. तरी केवळ समूह पाहून भाग घेऊ नये. एकाच कंपनीच्या नव्या पिढीने डोमची खोबण बदलली, की जुन्या मशीनला नवा डोम धरत नाही.

चार्जर, फोन, टीव्ही : चार्जरचे खण त्या त्या मॉडेलच्या आकाराचे असतात, दिसायला मशीन बसले तरी संपर्कबिंदू जुळले नाहीत तर ते भरत नाही. फोनच्या बाबतीत आधी फोन पाहावा. काही मशीन आयफोनशी थेट जोडली जातात, काहींना अँड्रॉइडमधील खास सोय लागते, काही साध्या ब्लूटूथवर चालतात. टीव्हीसाठीची पेटी त्याच कंपनीची आणि त्याच पिढीची हवी, शिवाय घरच्या टीव्हीला वा सेट-टॉप बॉक्सला आवाज बाहेर काढणारे योग्य छिद्र आहे का तेही पाहावे. मुलाने परदेशातून पाठवलेली मशीन हा नाशिकमधला नेहमीचा विषय. तिथल्या काही साखळी दुकानांची मशीन कुलूपबंद असतात. ती येथील क्लिनिकच्या सॉफ्टवेअरला उघडत नाहीत.

खिशातले मशीन : छातीशी लावायच्या या मशीनला पेन्सिल सेल आणि वायर लागते. वायर दोन पिनची की तीन पिनची, एका कानाची की दोन फाटे असलेली, हे जुनी वायर सोबत नेऊनच ठरवावे. तुटते तीही बहुधा हीच.

वारसा आलेले मशीन : आजोबा गेल्यावर त्यांचे मशीन आजींना किंवा शेजारच्या काकांना देण्याची रीत घरोघरी आहे, आणि तीत माया आहे. मशीनचा गाभा, चार्जर आणि न उघडलेले सेल पुढे देता येतात. मोल्ड, डोम आणि जाळी टाकून द्यावी लागते, आणि रिसीव्हरची लांबी व ताकद नव्या माणसाच्या कानाप्रमाणे ठरवावी लागते. आधी नव्या कानाची तपासणी, मग तपासणीत निघालेल्या श्रवण-आलेखावरून मशीन पुन्हा लावणे, हा क्रम ठेवावा. जुन्या मशीनचे भाग कंपनीकडे अजून मिळतात का, हे त्या तपासणीच्याच दिवशी, कप्प्याच्या आत किंवा मशीनच्या अंगावर असलेला मॉडेल क्रमांक दाखवून विचारून घ्यावे.