म्हशी गेल्या, गवत माजलं

चर्नी रोडला रोज उतरणाऱ्यांना त्या नावातली चरणी, म्हणजे गुरं चरायची जागा, दिसत नाही. १८३८ साली इंग्रज सरकारने मुंबईच्या कुरणांवर चराईसाठी पैसे आकारायला सुरुवात केली. तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी पदरचे २०,००० रुपये घालून ठाकूरद्वारजवळची जमीन घेतली आणि गोरगरिबांची गुरं फुकट चरू दिली. नाव त्यावरून पडलं म्हणतात. (काहीजण ते ठाण्याच्या चेंदणीशी जोडतात, मला कुरणच पटतं.)

सरकारी नजरेत चराई आधी महसुलाची बाब होती. जंगलखातं आल्यावर ती नासधूस ठरली आणि १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलात गुरं घालणं गुन्हा झाला. स्वातंत्र्यानंतर निसर्गरक्षकांनीही तोच समज उचलला.

त्याला तडा गेला राजस्थानात, भरतपूरच्या पाणथळीत. तिथे १९८२ मध्ये चराई बंद केली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा अभ्यास तिथे बंदीच्या आधीपासून चालू होता, म्हणून आधीचं आणि नंतरचं ताडून पाहता आलं. म्हशी पाण्यात उतरून गवत खायच्या. त्या गेल्यावर पास्पालम नावाचं गवत इतकं माजलं की उघडं पाणीच झाकलं गेलं आणि पाणपक्ष्यांना जागा उरेना. चराई नको म्हणणाऱ्यांत सोसायटीचेच पक्षितज्ज्ञ सलीम अली होते. तरीही अभ्यासाचा निष्कर्ष उलटा आला आणि तो तसाच मांडला गेला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

माळावरचं गणितही फारसं वेगळं नाही. जुनं वाळकं गवत खाल्लं गेलं की बुडाशी ऊन पोचतं, नवे फुटवे येतात, वणव्याला जळण कमी मिळतं. पण गुरं बारमाही सोडली तर पवना, मारवेलसारखं गोड गवत आधी संपतं आणि कुसळी या टोचऱ्या गवताचं राज्य येतं. म्हणून गवत बी धरेपर्यंत कुरण बंद ठेवायचं, ही जुन्या गुराख्यांची रीत.

मुंबईने मात्र गुरं आणि गवत यांची गाठच सोडवली. १९४९ पासून शहरातले तबेले आरे कॉलनीत हलवले गेले. पावसाळा सरला की तिथल्या उतारांवर गवत गुडघाभर वाळून उभं असतं, चालताना कुसळं पायजम्यात शिरतात, कधी आग लागते. म्हशी तिथून हाकेच्या अंतरावर, गव्हाणीत टाकलेला कापीव चारा खात उभ्या.