मे महिन्यातसुद्धा थंड असणारे इंजिन

जालना शहराबाहेर माझ्या मावसभावाचे मोसंबीचे गोदाम आहे आणि त्या गोदामात, ट्रॅक्टर आणि रिकाम्या क्रेटच्या थप्प्यांशेजारी, कापडी आच्छादनाखाली एक निसान ३७०झेड उभी असते. जपानमध्ये पूर्ण बांधणी होऊन आलेली ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार त्याने जुनी म्हणून विकत घेतली. मराठवाड्यात अशा गाडीचे अप्रूप वाटले तरी नवल वाटण्याचे दिवस सरले आहेत. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज गाड्या ग्राहकांच्या ताब्यात देण्यात आल्या होत्या, आणि अशा गाड्या एकदा आल्या की काही वर्षांनी त्या दुसऱ्या-तिसऱ्या हातात जाणारच. खरी अडचण तिथून पुढे सुरू होते, कारण नव्या मालकाला गाडी परवडते, पण तिच्यात कोणते तेल घालावे हे सांगणारा माणूस जवळपास मिळत नाही.

गेल्या मे महिन्यात भावाने तेल स्वतःच बदलायचे ठरवले आणि मला बोलावून घेतले. मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो; पाना माझ्या हातात फारसा शोभत नाही, पण तेलाबद्दल थोडेफार बोलता येते. गोदामातले ट्रॅक्टर दुरुस्त करणारे अनुभवी मिस्त्री त्या दिवशी तिथेच होते. त्यांनी नवा डबा हातात घेतला, त्यावरचे ‘५डब्ल्यू-३०’ वाचले आणि म्हणाले, “सर, आपल्याकडच्या उन्हात हे पाण्यासारखं होऊन जातं. वीस-पन्नास टाका, घट्ट असतं.” वीस-पन्नास म्हणजे २०डब्ल्यू-५० तेल. हा सल्ला आपल्याकडे इतका सार्वत्रिक आहे आणि वरवर पाहता इतका पटणारा आहे, की तो नीट तपासून पाहणे भाग आहे.

द्रवाच्या वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधाला श्यानता म्हणतात आणि तेलाच्या बाबतीत ती सेंटिस्टोक या एककात मोजतात. डब्यावरचा दुसरा आकडा, म्हणजे ३० किंवा ५०, हा तेल १०० अंश सेल्सिअसला किती दाट असेल ते सांगतो: ३० क्रमांकाच्या तेलाची श्यानता त्या तापमानाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असावी लागते, तर ५० क्रमांकाच्या तेलाची १६.३ ते २१.९. पहिला आकडा आणि त्यापुढचा ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा आहे. ५डब्ल्यू तेलाची चाचणी उणे ३० अंशांना होते, २०डब्ल्यूची त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला. मराठवाड्यात पारा शून्याखाली जात नाही, मग त्या पहिल्या आकड्याशी आपले काय देणेघेणे, असा प्रश्न इथे कोणालाही पडेल.

उत्तर असे की इंजिनाच्या लेखी आपला मे महिनाही थंडच असतो. चालत्या इंजिनातले तेल १०० अंशांच्या आसपास असते आणि इंजिनातल्या सगळ्या फटी त्या तापमानाच्या हिशेबाने ठेवलेल्या असतात. साधारण ५डब्ल्यू-३० तेल १०० अंशांना साडेदहा सेंटिस्टोक असेल, तर ४२ अंशांना, म्हणजे जालन्याच्या भर दुपारी, ते जवळपास ६० सेंटिस्टोक असते. पाच-सहा पट दाट. जानेवारीतल्या १० अंशांच्या पहाटे तेच तेल ३०० च्या घरात पोहोचते, आणि २०डब्ल्यू-५० असेल तर हजाराच्या वर जाते. मिस्त्रींना ज्या पातळ होण्याची भीती वाटते ते पातळ होणे उन्हामुळे होत नाही, आतल्या जळणामुळे आणि घर्षणामुळे होते, आणि ते जपानच्या बर्फातही तितकेच होते. बाहेरचे तापमान १० वरून ४२ वर गेले तरी थर्मोस्टॅट इंजिनाचे पाणी ठरलेल्या मर्यादेत ठेवत असल्यामुळे चालत्या तेलाच्या तापमानात त्या मानाने थोडाच फरक पडतो.

तरीही दाट तेल घातले तर बिघडते काय? इंजिनाची झीज बरीचशी सुरुवातीच्या क्षणांत होते, जेव्हा तेल अजून सगळीकडे पोहोचलेले नसते. फार दाट तेल पंपाने ढकलले की दाब भरमसाट वाढतो, दाब सोडणारी झडप उघडते आणि तेलाचा काही भाग बेअरिंगकडे न जाता परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलपात्रात, येतो. फिल्टरची वळणझडपही (बायपास व्हॉल्व्ह) उघडू शकते आणि मग न गाळलेलेच तेल पुढे जाते. शिवाय ३७०झेडच्या ३.७ लिटरच्या, सहा सिलिंडरच्या इंजिनात इनटेक झडपांची वेळ बदलणारी यंत्रणा तेलाच्याच दाबावर चालते, आणि तिच्या अरुंद वाटांसाठी कोणत्या दाटपणाचे तेल हवे ते निर्मात्याने आधीच ठरवलेले आहे.

मिस्त्रींच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे इंजिन मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांपर्यंत जाते, आणि ट्रॅकवर ते तिथे सतत ठेवले तर तेल १४० अंशांकडे सरकू लागते; त्या तापमानाला ५डब्ल्यू-३० ची श्यानता पाचाच्या आसपास, म्हणजे १०० अंशांच्या निम्म्यावर येते. निर्मात्याने या गाडीच्या डॅशबोर्डवर तेलाच्या तापमानासाठी स्वतंत्र काटा दिला आहे तो उगाच नाही. समृद्धी महामार्गावर १२० च्या मर्यादेत चालवताना मात्र तो काटा शंभरीच्या आसपास निवांत असतो.

तेल नेमके करते काय, हे कळायला १८८३ सालची एक गंमत उपयोगी पडते. इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर तेलासाठी एक भोक पाडले, तर आस फिरू लागताच त्यातून तेल उलट वर येऊ लागले. त्यांनी भोकात लाकडी खुंटी ठोकली, ती तेलाने बाहेर ढकलून दिली. दाबमापक लावल्यावर दिसले की वरच्या वजनामुळे जितका सरासरी दाब पडायला हवा, त्याच्या दुपटीहून अधिक दाब तेलात होता. १८८६ मध्ये ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले: फिरणारा पृष्ठभाग तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो, तिथे तेल कोंडले जाते, आणि कोंडलेले तेलच आस उचलून धरते. इंजिन नीट चालू असते तेव्हा क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, बेअरिंगच्या धातूला टेकतच नाही. काही मायक्रॉन जाडीच्या, म्हणजे केसाच्याही कितीतरी पट पातळ अशा थरावर ती तरंगते. सहा-सात सेंटिमीटर व्यासाची शाफ्ट मिनिटाला सात हजार फेऱ्या घेते तेव्हा तिचा पृष्ठभाग ताशी सुमारे ८५ किलोमीटर वेगाने त्या थरावरून सरकत असतो.

झडपा उघडणारे फिरते उंचवटे म्हणजे कॅम, आणि ते ज्यांना दाबतात ते लिफ्टर; त्यांच्या भेटीत मात्र हे तरंगणे जमत नाही. तिथे दाब प्रचंड असतो, थर फाटतो आणि पृष्ठभागाला चिकटून राहणाऱ्या रेणूंवरच सारी भिस्त असते. निसानने या इंजिनाच्या लिफ्टरवर हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचा, हायड्रोजनविरहित असा पातळ लेप दिला आणि त्यासाठी एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून बनणारे संयुग) असलेले तेल सुचवले, कारण एस्टरच्या रेणूचे ध्रुवीय टोक त्या लेपाला धरून बसते. हे वाचताना मला आजोबांच्या बैलगाडीखाली टांगलेले वंगणाचे नळकांडे आठवले. बांधावरच्या एरंडाचे तेल आसाला चालते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवले नव्हते. पण एरंडेल रसायनाच्या भाषेत एस्टरच आहे, आणि त्याच्या रेणूत जादा हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असल्यामुळे ते धातूला विलक्षण चिकटते. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या अनेक इंजिनांत वंगण म्हणून एरंडेल घालत, आणि कॅस्ट्रॉल या नावातही कॅस्टर म्हणजे एरंडच आहे. एरंडेलाचा दोष हा की तापल्यावर ते चिकट राळेसारखे साचते. आजचे कृत्रिम एस्टर हा दोष बराच टाळतात.

आता प्रत्यक्ष काम. ही गाडी जमिनीलगत असल्यामुळे साधा जॅक खाली जाईना, तेव्हा पुढची चाके आधी दोन फळ्यांवर चढवावी लागली. गोदामात शहाबादी फरशी आहे आणि अशी फरशी खाली पोकळ असेल तर एका ठिकाणच्या भाराने तडकते. म्हणून उचललेली गाडी तोलून धरणाऱ्या प्रत्येक घोडीखाली जाड लाकडी फळी ठेवली, मागच्या चाकांना दगड लावले आणि गाडी हलवून पाहिल्यावरच खाली शिरलो. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये.

इंजिन आधी दहा मिनिटे चालवले होते, कारण कोमट तेल लवकर वाहते आणि तळाचा गाळ बरोबर नेते. फार तापवले तर हात भाजतो. चेंबरचा बोल्ट सैल करताच आमच्या ध्यानात आले की आधीच्या कोणत्या तरी गॅरेजमध्ये तो हवेच्या गनने आवळलेला होता. तो सुटताना कर्रकन आवाज झाला आणि भावाचा चेहरा उतरला, पण आटे शाबूत निघाले. वायसर मात्र चपटा होऊन बोल्टच्या मानेत रुतला होता. हा वायसर मऊ धातूचा असतो तो मुद्दामच: आवळल्यावर तो दबतो आणि दोन्ही पृष्ठभागांवरच्या सूक्ष्म खाचा भरून काढतो. एकदा दबला की त्याचे काम संपले. दर वेळी नवाच घालावा. बोल्टला सुमारे ३४ न्यूटन-मीटरचा टॉर्क लागतो. ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साडेअकरा किलोचे वजन टांगले तर जो जोर पडेल, तेवढाच. आम्ही टॉर्कचा पाना लावला, त्याने ‘कट’ केले, तेव्हा भाऊ म्हणाला, “एवढंच?” एवढेच. फिल्टरच्या रबरी कड्याला नवे तेल बोटाने लावायचे, कडे टेकले की हातानेच आणखी पाऊण फेरीच्या थोडे आत आवळायचे. पाना लावायचा नाही.

बाहेर आलेले तेल काळेभोर होते. “संपलं होतं बघा,” असे मिस्त्री म्हणाले, पण काळेपणा हा तेल संपल्याचा पुरावा नव्हे. तेलात काजळीचे कण सुटे ठेवणारी द्रव्ये असतात. ती काम करत असतील तर तेल काळे होणारच, आणि न करत असतील तर तीच काजळी इंजिनाच्या भिंतींवर बसेल. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून मी गाळणकागद नेले होते. त्यावर जुन्या तेलाचा एक थेंब टाकून तासभर ठेवला. मधे गडद ठिपका, त्याभोवती हळूहळू फिकट होत गेलेला राखाडी पट्टा आणि सर्वांत बाहेर पिवळसर कडा, असे चित्र उमटले. राखाडी पट्टा रुंद असला म्हणजे काजळी अजून सुटी आहे; सगळा काळेपणा मध्यभागी गोळा होऊन त्याची कड धारदार दिसली, तर ती द्रव्ये थकली असे समजावे. तांब्यासारखी चकाकी दिसली तर बेअरिंगची काळजी करावी, दुधाळपणा दिसला तर पाण्याची. आमच्या थेंबात दोन्ही नव्हते, पेट्रोलचा वास मात्र जाणवण्याइतका होता.

हा वास या गाडीची खरी तक्रार सांगतो. ती वर्षात जेमतेम दोन हजार किलोमीटर चालते, आणि त्यातही बऱ्याचदा गोदाम ते घर अशी चार किलोमीटरची फेरी असते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन पुरते तापले तर ती वाफ आणि तेलात मिसळलेले पेट्रोल उडून जाते. लहान फेऱ्यांत ते आतच साचते, तेल पातळ करते आणि आम्ल तयार होण्यास वाव देते. अशा गाडीत किलोमीटरपेक्षा कॅलेंडर महत्त्वाचे ठरते. नवे तेल वर्षातून एकदा घालावेच, आणि महिन्यातून एकदा तरी समृद्धीवर अर्धा तास चालवून आणावे, असे मी भावाला सांगितले. दुसऱ्या सूचनेला त्याने ताबडतोब मान्यता दिली.

नवे तेल ४.९ लिटर लागते. आम्ही साडेचार ओतले, इंजिन सुरू केले, दाबाचा दिवा दोन-तीन सेकंदांत विझला. बंद करून दहा मिनिटे थांबलो, डिपस्टिक पुसून पुन्हा घातली आणि उरलेले थोडे थोडे करून भरले.

जुने तेल न्यायला संध्याकाळी सेंट्रिंगचा ठेकेदार हजर झाला. आपल्याकडे जळके ऑइल सेंट्रिंगच्या प्लेटांना फासतात, वाळवीसाठी लाकडाला लावतात, आणि उरलेले सांडून देतात. पण त्यात जळणातून आलेली कर्करोगकारक हायड्रोकार्बने आणि झिजलेला धातू असतो, आणि २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. मराठवाड्याच्या बेसाल्टमध्ये पाणी खडकाच्या भेगांतून फिरते, आणि गोदामाची बोअर चेंबरच्या त्या बोल्टपासून पन्नास पावलांवर आहे. भावाने डबा झाकण घट्ट लावून बाजूला ठेवला. अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे तेल पाठवणाऱ्या संभाजीनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये तो पुढच्या खेपेला देणार होता. ठेकेदार थोडा नाराज होऊन गेला. मिस्त्रींनी जाता जाता आपल्या ट्रॅक्टरच्या तेलासाठी माझ्याकडून दोन गाळणकागद मागून घेतले.