चौसिंगा आणि ट्रायकोग्रामा : एकाच हवेतील दोन जगे

कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात खोडकिडीच्या बंदोबस्तासाठी उसाच्या पानांना जी ट्रायकोकार्डे (आत परोपजीवी कीटक वाढत असलेली किडींची अंडी चिकटवलेली कार्डे) टाचली जातात, त्यांतून बाहेर पडणारा ट्रायकोग्रामा हा पंखधारी कीटक जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा असतो. त्याची तुलना पानगळीच्या जंगलात राहणाऱ्या चौसिंग्याशी करून पाहण्याजोगी आहे. चौसिंगा हा भारत आणि नेपाळमधला लहानखुरा कुरंग. खांद्यापाशी उंची सुमारे 60 सेंटिमीटर, वजन 20 किलोच्या आसपास, आणि चार शिंगे फक्त नराला.

लांबी हजारपट वाढली, की शरीराचा पृष्ठभाग दहा लाख पट वाढतो, आकारमान आणि वजन मात्र शंभर कोटी पट. दोघांच्या शरीररचनेतील फरकाचे मूळ या गणितात आहे. चौसिंग्याला स्वतःचे वजन पेलण्यासाठी हाडांचा सांगाडा लागतो, आणि प्राणवायू आतल्या पेशींपर्यंत पोहोचवण्यासाठी फुप्फुसे, हृदय व रक्त लागते. ट्रायकोग्रामाला फुप्फुसे नाहीत. शरीरावरील छिद्रांतून सूक्ष्म नलिकांत शिरलेली हवा पेशींपर्यंत आपसूक पसरते, कारण अंतरच नगण्य असते.

खरे नवल उडण्यात आहे. चौसिंगा धावताना हवा त्याला फारशी जाणवत नाही. पण इतक्या लहान कीटकासाठी तीच हवा काकवीसारखी चिकट ठरते. त्यामुळे त्याच्या पंखांच्या कडेला केसांची झालर असली तरी भागते, कारण केसांमधल्या फटींतून हवा सहज निसटत नाही. अशाच एका सूक्ष्म परोपजीवी कीटकाचा, एन्कार्सियाचा, अभ्यास करून प्राणिशास्त्रज्ञ टॉर्केल वाइस-फो यांनी 1973 मध्ये दाखवले, की तो दोन्ही पंख पाठीवर एकमेकांना मिटवून झटक्याने उघडतो आणि त्यातून वर उचलणारे बल मिळवतो. हे सेकंदाला सुमारे 400 वेळा घडते.

पिढीचा वेगही तितकाच वेगळा आहे. चौसिंग्याची मादी सात-आठ महिने गर्भ वाहून एक किंवा दोन पिल्ले देते, तर ट्रायकोग्रामा किडीच्या अंड्यात आपले अंडे घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून पुढची पिढी बाहेर पडते. किडीच्या त्या अंड्यातून तिची स्वतःची अळी निघतच नाही. मात्र एवढ्याशा पंखांनी ट्रायकोग्रामाला शेतात लांबवर जाता येत नाही, म्हणूनच कार्डाच्या पट्ट्या कापून त्या साऱ्या फडात विखरून लावाव्या लागतात.