ऑनलाइन दुकानासाठी उत्पादननिवड

ऑनलाइन दुकानात कोणता माल ठेवला असता सर्व खर्च वजा जाता विक्रेत्याच्या हाती नफा उरेल, हे माल भरण्यापूर्वी ठरवण्याची प्रक्रिया. तीत मागणी, खरेदीचा भाव, वाहतूक, परत येणारा माल, स्पर्धा आणि कायद्याच्या अटी यांचा एकत्र विचार करावा लागतो. पेठेतील दुकानात गिऱ्हाईक माल हाताळून घेते, रोख मोजते आणि पिशवी स्वतःच घरी नेते. ऑनलाइन विक्रीत या तिन्ही गोष्टींचा भार विक्रेत्यावर येतो. त्यामुळे नाशिकच्या मेनरोडवर हातोहात खपणारी वस्तू इंटरनेटवर तोट्यात जाऊ शकते.

नाशिक जिल्हा ज्या मालासाठी देशभर ओळखला जातो, त्यातील बराचसा माल या कसोटीवर मागे पडतो. निफाड-दिंडोरीची द्राक्षे नाजूक असून शीतसाखळीशिवाय, म्हणजे वाटेत सतत थंड ठेवण्याच्या सोयीशिवाय, लांब पाठवता येत नाहीत. लासलगावचा कांदा वजनाने भारी आणि किमतीने हलका असल्यामुळे कुरिअरचा खर्चच मालाच्या किमतीवर जातो. वाइनची विक्री राज्य उत्पादन शुल्काच्या परवान्यांनी बांधलेली असल्याने सर्वसाधारण ऑनलाइन दुकानाच्या यादीत ती येतच नाही. त्याच द्राक्षांचा बेदाणा मात्र टिकाऊ, आटोपशीर आणि किलोमागे बरा भाव देणारा आहे. त्याची मोठी बाजारपेठ सांगली-तासगावकडे असल्यामुळे केवळ स्वस्ताईवर स्पर्धा करणे नाशिकच्या विक्रेत्याला अवघड जाते. रंग आणि आकारानुसार नीट प्रतवारी केलेली लहान पाकिटे हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग दिसतो.

वाहतुकीचे गणित नवख्या विक्रेत्याच्या बहुधा उशिरा लक्षात येते. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारणी करतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करायचा आणि बहुतेक ठिकाणी त्याला 5000 ने भागायचे, म्हणजे आकारमानी वजन किलोत मिळते. अर्धा किलो चिवडा चुरा होऊ नये म्हणून 25 × 20 × 10 सेंटीमीटरच्या खोक्यात भरला, तर आकारणी एक किलोची होते. अर्धा किलो बेदाणा लहान खोक्यात बसतो आणि अर्ध्या किलोच्याच दरात जातो. खाद्यपदार्थाला मुदतीचेही बंधन असते, कारण ग्राहकाच्या हाती पडताना पाकिटावरची पुरेशी मुदत शिल्लक असावी लागते. चिवड्याच्या बाबतीत गोदामात गेलेला प्रत्येक आठवडा त्यातून वजा होतो.

तांब्या-पितळेच्या भांड्यांचा व्यवसाय नाशिकमध्ये जुना आहे. हंडे, घागरी यांसारखी मोठी भांडी आकारमानामुळे महाग पडतात आणि वाटेत आपटून त्यांना पोचे येतात. ताम्हण, पळी, निरांजन, लहान तांब्या यांचे तसे नाही. मात्र तांबे हवेने काळवंडते आणि असे भांडे मिळालेला ग्राहक ‘वापरलेला माल पाठवला’ अशी तक्रार करून ते परत पाठवतो. हवाबंद पिशवी आणि चिंच-मिठाने भांडे उजळण्याची सूचना लिहिलेली चिठ्ठी, एवढ्या किरकोळ खर्चात असे बरेच रिटर्न टाळता येतात.

नफ्याचा खरा निर्णय रिटर्नवरच होतो. उदाहरणादाखल, 400 रुपयांना विकायची वस्तू 180 रुपयांना मिळते, विक्रीमंच (ज्या संकेतस्थळावर अनेक विक्रेते माल विकतात ते) 60 रुपये घेतो, कुरिअरला 70 आणि पॅकिंगला 15 रुपये लागतात असे धरले, तर कर आणि जाहिरात बाजूला ठेवून 75 रुपये उरतात. आता दहा पार्सले पाठवली आणि दोन न स्वीकारता परत आली, त्यांच्यावर विक्रीमंचाचे 60 रुपये लागले नाहीत, पण जाण्याचे कुरिअर व पॅकिंग यांखेरीज परतीचेही प्रत्येकी 70 रुपये द्यावे लागले, तर एकूण 290 रुपये शिल्लक राहतात. तीन परत आली तर 60 रुपये. चार आली तर 170 रुपये पदरचे जातात. परत आलेला माल पुन्हा विकण्याजोगा आहे असे येथे गृहीत धरले आहे, आणि खाद्यपदार्थांत ते क्वचितच खरे ठरते. कॅश ऑन डिलिव्हरीत दारातून पार्सल परतवणे ग्राहकाला काहीच खर्चाचे नसल्यामुळे हे प्रमाण वाढते. म्हणून मापात बसण्या-न बसण्याचा प्रश्न असलेला कपडा किंवा पादत्राणे यांच्यापेक्षा पूजेची उपकरणे किंवा स्वयंपाकघरातील वस्तू नवख्याला सोयीच्या ठरतात.

येवल्याच्या पैठणीचा प्रश्न वेगळा आहे. हातमागावरील एका साडीला काही आठवडे, पदर भरगच्च असल्यास काही महिने लागतात. प्रत्येक नग निराळा असल्यामुळे त्याचे छायाचित्र आणि वर्णनही स्वतंत्र करावे लागते, आणि भांडवल अडकून पडते. ‘पैठणी’ असा शोध घेणाऱ्या ग्राहकापुढे यंत्रमागावरील सेमी पैठणी निम्म्याहून कमी किमतीत येते, तेव्हा केवळ फोटोवरून दोन्हींतला फरक त्याला कळत नाही. विणीचा जवळून घेतलेला फोटो, साडीच्या मागच्या बाजूचे छायाचित्र आणि सिल्क मार्क (शुद्ध रेशमाची खूण) किंवा हँडलूम मार्क (हातमागाची खूण) यांचा येथे उपयोग होतो. पैठणी काठाचे बटवे, दुपट्टे व ब्लाउजपीस यांत भांडवल कमी गुंतते आणि माल लवकर फिरतो.

मागणीच्या अंदाजासाठी गुगल ट्रेंड्सचा, म्हणजे एखाद्या शब्दाचा गुगलवरील शोध कधी वाढला-घटला हे दाखवणाऱ्या सेवेचा, सर्रास वापर होतो. त्यातील 100 हा आकडा निवडलेल्या काळातील शोधाचा उच्चांक दाखवतो. तो शोधांची किंवा विक्रीची संख्या सांगत नाही. त्याहून उपयुक्त माहिती प्रतिस्पर्ध्यांच्या मालावरील एक-दोन तारे दिलेल्या अभिप्रायांत सापडते, कारण ‘झाकण गळते’, ‘पितळ पातळ आहे’ अशा तक्रारींतून कोणता सुधारित माल ठेवावा हे थेट समजते. हंगामी मागणीचा मोह नाशिकमध्ये विशेष असतो. 2015 नंतरचा सिंहस्थ 2027 मध्ये भरात येईल. त्यासाठी भरलेला माल पर्वण्यांनंतरही एरवीच्या पूजेसाठी खपेल, असाच असणे सुरक्षित. सिंहस्थाचे नाव किंवा वर्ष छापलेली वस्तू नंतर गोदामात पडून राहते.

कायद्याच्या बाजूने 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याची ओळख आणि मालाचा मूळ देश दाखवावा लागतो. पाकीटबंद मालावर एमआरपी व निव्वळ वजन हवे, आणि खाद्यपदार्थाला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना लागतो. विक्रीमंचावरून राज्याच्या हद्दीतच माल विकणाऱ्या लहान विक्रेत्याला 1 ऑक्टोबर 2023 पासून जीएसटी नोंदणीत काही अटींवर सूट आहे. परराज्यात माल पाठवायचा असल्यास ती मिळत नाही, त्यामुळे कोणत्या प्रदेशात विकायचे हे निवडीच्या वेळीच ठरवावे लागते.

या सर्व चाळण्यांतून उरलेल्या वस्तूची घाऊक खरेदी लगेच केली जात नाही. प्रथम थोडे नग घेऊन ते वेगवेगळ्या पिनकोडवर पाठवले जातात आणि रिटर्नची मुदत संपेपर्यंत हिशेब बंद केला जात नाही, कारण पहिल्या आठवड्यातील विक्री पुढच्या पंधरवड्यात परत येऊ शकते.