वैद्यकीय महाविद्यालयातलं जागा नियोजन

मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेलं हॉस्पिटल यांची जमीन, इमारती, मजले आणि खोल्या कुणाला, कशासाठी, किती वेळ द्यायच्या हे ठरवण्याचं आणि ते ठरलेलं टिकतंय का यावर लक्ष ठेवण्याचं जे काम असतं त्याला जागा नियोजन म्हणतात. इंजिनिअरिंग किंवा आर्ट्स कॉलेजपेक्षा हे काम फार अवघड आहे कारण इथे एकाच आवारात शिकणारे, शिकवणारे, आजारी माणसं, त्यांचे नातेवाईक, मृतदेह, ऑक्सिजन, रक्त, केमिकल, घाण कपडे आणि जेवणाच्या ट्रॉल्या असं सगळं चोवीस तास हलत असतं आणि यातल्या बऱ्याच गोष्टी एकमेकांच्या वाटेत येऊन चालत नाही. आपल्याकडे जागेचा विचार बहुतेक वेळा इन्स्पेक्शनच्या फॉर्ममधला चौरस मीटरचा रकाना भरण्यापुरता होतो, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. एकूण क्षेत्रफळ नियमात बसतं पण काम बसत नाही.

नियम काय सांगतात

२०२० पर्यंत हे नियम मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया ठरवायची, सप्टेंबर २०२० पासून नॅशनल मेडिकल कमिशन म्हणजे एनएमसी ठरवते. पूर्वी कॉलेज काढायला २० एकर जमीन लागायची, मुंबईसारख्या महानगरात १० एकर. ऑक्टोबर २०२० मध्ये एनएमसीने जे नवे किमान निकष आणले त्यात एकरांची अट काढूनच टाकली, जागा वेगवेगळ्या प्लॉटवर असली तरी चालेल असं ठरलं, पण प्लॉटमधलं अंतर १० किलोमीटरच्या आत किंवा ३० मिनिटांच्या प्रवासाचं, यातलं जे कमी असेल ते. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये या दोन आकड्यांतला कुठला आधी संपतो हे वेगळं सांगायला नको. त्याच निकषांत स्किल लॅब सक्तीची झाली, प्रवेशाच्या १५० जागांपर्यंत किमान ६०० चौरस मीटर आणि २०० किंवा २५० जागा असतील तर ८००. स्किल लॅब म्हणजे पुतळ्यांवर सीपीआर, इंजेक्शन, टाके, प्रसूती वगैरे शिकवायची जागा. कल्पना उत्तमच आहे, पण जुन्या आवारात एका मजल्यावर सलग ८०० चौरस मीटर रिकामे काढायचे कुठून हा प्रश्न प्रत्येक अधिष्ठात्यांपुढे म्हणजे डीनपुढे आला.

वॉर्डसाठीचे नियम पूर्वीपासूनच बारीक होते. दोन खाटांमध्ये दीड मीटर अंतर, नर्सिंग स्टेशन, तपासणीची खोली, पॅन्ट्री, स्टोअर, रेसिडेंट (पुढचं शिक्षण घेत हॉस्पिटलात काम करणारे डॉक्टर) आणि विद्यार्थ्यांची ड्युटी रूम, आणि विद्यार्थ्यांना पेशंट दाखवून शिकवायला डेमॉन्स्ट्रेशन रूम. कागदावर हे सगळ्या वॉर्डांत असतं. प्रत्यक्षात ही डेमॉन्स्ट्रेशन रूम सगळ्यात आधी जाते. आधी तिथे एक कपाट येतं, मग बंद पडलेलं ईसीजी मशीन, मग सलाईनचे खोके, आणि दोन वर्षांनी विद्यार्थी कॉरिडॉरमध्ये पेशंटच्या ट्रॉलीभोवती उभे राहून केस प्रेझेंट करत असतात, आतमध्ये खोलीला कुलूप आणि किल्ली सिस्टरांकडे.

जुनी आवारं

मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जेजे हॉस्पिटल १८४५ चं, पुण्याचं ससून १८६७ चं आणि त्याच्या आवारातलं बीजे मेडिकल कॉलेज १९४६ चं, परळचं केईएम आणि जीएस मेडिकल कॉलेज १९२६ चं, नागपूरचं मेडिकल १९४७ चं. ही आवारं ज्या काळात आखली गेली तेव्हा सीटी स्कॅन, आयसीयू, डायलिसिस, कॅथलॅब यातलं काहीच नव्हतं, उंच छताचे लांब वॉर्ड आणि मोकळे व्हरांडे होते, हवा खेळती राहायची आणि त्या काळाला ते अगदी योग्य होतं. पुढच्या काळात गरज लागेल तसं जोडत गेले, इथे एक शेड, तिथे एक मजला, व्हरांड्याला अ‍ॅल्युमिनियमचं पार्टिशन घालून एक केबिन. त्यामुळे आज एकेका डिपार्टमेंटच्या खोल्या तीन इमारतींत विखुरलेल्या दिसतात. इमारतींच्या पोटात काय आहे हेही सगळं नोंदलेलं नसतं, २०२२ मध्ये जेजेच्या आवारात नर्सिंग कॉलेजच्या इमारतीत गळतीची पाहणी करताना चक्क ब्रिटिश काळातलं भुयार सापडलं.

त्यात विद्यार्थी वाढले. २०१९ मध्ये आर्थिक दुर्बल घटकांचं आरक्षण आलं तेव्हा सरकारी कॉलेजांच्या जागा वाढवल्या, जीएसच्या १८० च्या २५० झाल्या, बीजेच्या २०० च्या २५०. डॉक्टर जास्त हवेत हे बरोबरच आहे, पण लेक्चर थिएटरच्या खुर्च्या, होस्टेलच्या खोल्या आणि मेसची टेबलं त्याच वर्षी वाढत नाहीत. आणि त्याच २०१९ च्या बॅचपासून नवा अभ्यासक्रम आला ज्यात मोठ्या लेक्चरपेक्षा छोट्या गटात शिकवण्यावर भर आहे. २५० मुलांचे २५-२५ चे गट केले तर एका वेळी १० खोल्या लागतात, आणि आपल्याकडे जुन्या कॉलेजांत असतं एक भव्य उतरत्या बाकांचं गॅलरीवालं थिएटर. म्हणजे जागा आहे पण चुकीच्या आकाराची. यावर स्वस्त उपाय आहे, मोठ्या हॉलला सरकती पार्टिशनं बसवणं आणि सगळ्या विभागांच्या सेमिनार रूम एकाच टाइमटेबलमध्ये आणणं, पण दुसऱ्या उपायाला एचओडी म्हणजे विभागप्रमुख सहजासहजी तयार होत नाहीत कारण खोली ही विभागाची इस्टेट मानली जाते.

नवीन इमारत बांधणं हा उत्तराचा एक भाग झाला, पण तिला वेळ किती लागतो ते ससूनच्या अकरा मजली इमारतीवरून कळतं, वर्षानुवर्षं रखडलेली ती इमारत एप्रिल २०२० मध्ये कोविडसाठी घाईघाईने सुरू करावी लागली. गोव्याने वेगळा मार्ग घेतला. १८४२ मध्ये पोर्तुगीज काळात पणजीत सुरू झालेलं तिथलं मेडिकल कॉलेज मांडवीकाठच्या इमारतीत मावेना तेव्हा ते बांबोळीच्या पठारावर हलवलं, आणि पणजीची जुनी वास्तू आता इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या वेळी वापरात असते.

उसनी जागा

नवीन कॉलेजं बहुतेक वेळा दुसऱ्याच्या जागेत सुरू होतात. नागपूर एम्सची पहिली ५० मुलांची बॅच २०१८ मध्ये नागपूर मेडिकलच्या आवारात शिकायला बसली, मिहानमधलं स्वतःचं आवार नंतर मिळालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात एकदम १० सरकारी कॉलेजं सुरू झाली, मिळून ९०० जागा, त्यात गडचिरोली, वाशिम, हिंगोली, भंडारा, बुलढाणा असे जिल्हे आहेत जिथे याची खरंच गरज होती. अशा ठिकाणी जिल्हा रुग्णालयच टीचिंग हॉस्पिटल बनतं. जिल्हा रुग्णालय पेशंट बरे करायला बांधलेलं असतं, शिकवायला नाही, म्हणजे ओपीडीच्या खोलीत डॉक्टर, पेशंट आणि एक नातेवाईक इतकीच जागा, तिथे आता पाच-सहा विद्यार्थीही उभे करायचे असतात. म्हणून जोडणी करताना पहिल्यांदा ओपीडीच्या खोल्या मोठ्या करायला हव्यात, लायब्ररीची दर्शनी इमारत नंतर झाली तरी चालेल.

शेजार

जागा नियोजनातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा म्हणजे कशाच्या शेजारी काय. कॅज्युअल्टीजवळ एक्स-रे, सीटी आणि ऑपरेशन थिएटरला जाणारी लिफ्ट, लेबर रूमजवळ नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, थिएटरजवळ निर्जंतुकीकरण विभाग आणि ब्लड बँक. हे चुकलं की प्रत्येक पेशंटमागे वॉर्डबॉय मामा आणि नातेवाईक ट्रॉली ढकलत आवारभर फिरतात, पावसाळ्यात तर छत्री धरून. स्वच्छ कपडे आणि मळके कपडे, जेवण आणि जैववैद्यकीय कचरा यांच्या वाटा वेगळ्या हव्यात, निदान वेळा तरी. लिक्विड ऑक्सिजनच्या टाकीभोवती मोकळी जागा सोडावी लागते, टँकर वळायला रस्ता लागतो, कोविडमध्ये अनेक ठिकाणी पार्किंग हलवून ही जागा काढली.

अ‍ॅनाटॉमीच्या डिसेक्शन हॉलचं उदाहरण घ्या. तो शक्यतो तळमजल्यावर लागतो कारण देहदानातून आलेला देह शववाहिनीतून थेट आत नेता आला पाहिजे, ओपीडीच्या रांगेसमोरून नाही, देणाऱ्या कुटुंबाचा तो मान आहे. शेजारी देह जतन करायची खोली आणि टाक्या, धुता येईल अशी फरशी, नीट उतार, ड्रेनेजला जाळी, आणि हवा बाहेर काढणारे पंखे टेबलाच्या पातळीला, कारण फॉर्मलिनची वाफ विद्यार्थ्याच्या नाकापर्यंत यायच्या आधी खेचली गेली पाहिजे. छताजवळ एक्झॉस्ट लावला की ती वाफ तोंडावरून वर जाते, पहिल्या वर्षाच्या मुलांचे डोळे चुरचुरतात आणि सगळे त्याला ‘सवय होईल’ म्हणतात. सवयीचा प्रश्नच नाही, पंखा चुकीच्या जागी आहे.

ज्यांना खोली मिळत नाही

रेसिडेंट डॉक्टर ३६-३६ तास ड्युटी करतात आणि झोपायला हक्काची जागा नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आरजी कर कॉलेजमध्ये शिकाऊ डॉक्टर तरुणीवर अत्याचार करून तिचा खून झाला, ती रात्रपाळीत सेमिनार हॉलमध्ये आराम करायला गेली होती. त्यानंतर सुप्रीम कोर्टाने राष्ट्रीय कृती दल नेमलं आणि स्त्री-पुरुषांसाठी वेगळ्या, सुरक्षित ड्युटी रूमचा विषय देशभर निघाला. महाराष्ट्रात मार्ड या रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेने जानेवारी २०२३ च्या संपातही होस्टेलचा मुद्दा लावून धरला होता. ड्युटी रूम वॉर्डच्या हाकेच्या अंतरावर, आतून कडी, जवळ स्वच्छतागृह, बाहेर उजेड, एवढं साधं आहे हे, आणि नकाशा काढतानाच ही खोली आखली नाही तर नंतर कधीच मिळत नाही.

दुसरे नातेवाईक. गावाकडून आलेल्या पेशंटबरोबर एक-दोन माणसं असतातच, आणि आपली वॉर्डव्यवस्था त्यांच्या जिवावर चालते, औषध आणणं, रिपोर्ट आणणं, भरवणं. त्यांच्यासाठी जागा मात्र निकषांच्या मुख्य हिशेबात येत नाही, मग ती जिन्याखाली, फुटपाथवर चटई टाकतात. मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्था ही जागा देत आल्या आहेत.

मोजमाप आणि भंगार

खोली किती मोठी यापेक्षा ती किती वापरली जाते हे मोजतात. समजा २५० खुर्च्यांचा हॉल आठपैकी चार तास चालतो आणि त्यात १५० मुलं बसतात, तर वेळेचा वापर ५० टक्के, खुर्च्यांचा ६० टक्के, म्हणजे खरा वापर ३० टक्केच. हा हिशेब मांडला की नवीन इमारतीच्या अर्ध्या मागण्या टाइमटेबलवरच सुटू शकतात. अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलमध्ये संशोधनाच्या जागेला दर चौरस फुटामागे किती संशोधन निधी आला असाही निकष लावतात, आपल्या शिकवण्याच्या जागेला तो लावण्यात अर्थ नाही.

आणि भंगार. तुटके पलंग, खुर्च्या, जुने मॉनिटर, बंद फ्रीज, सगळं डेडस्टॉक रजिस्टरवर चढलेलं असतं, निर्लेखन समितीची, म्हणजे निकामी सामान नोंदीतून काढायला परवानगी देणाऱ्या समितीची मंजुरी मिळाल्याशिवाय फेकता येत नाही, सही करून अंगावर कोण घेणार म्हणून फाईल पडून राहते आणि खोलीच्या खोली अडते. जिथे दर सहा महिन्यांनी निर्लेखन होतं तिथे एक पैसा न खर्चता खोल्या मोकळ्या होतात. यात सुरक्षेचाही प्रश्न आहे, भंगार कॉरिडॉरमध्ये आणि जिन्यात येतं. जानेवारी २०२१ मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून १० बाळं गेली, त्यानंतर राज्यभर फायर ऑडिट झालं, आणि ऑडिटमध्ये बाहेर पडायची वाट मोकळी असणं ही अगदी पहिली अट आहे.

सरकारी कॉलेजात इमारतीचं काम सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, मंजुरी वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, मुंबईत केईएम, नायर, सायनसारख्या ठिकाणी महापालिकेकडे, आणि आतलं खोल्यांचं वाटप अधिष्ठाता आणि कॉलेज कौन्सिलकडे असतं. काही ठिकाणी वेगळी जागा समिती असते, तिच्यात एचओडी आणि अधीक्षक असतात, मेट्रन, रेसिडेंटचा प्रतिनिधी आणि सफाईचे मुकादम क्वचितच, खरं तर कुठली खोली रात्री दोन वाजता कशासाठी वापरली जाते हे या तिघांनाच माहीत असतं.