१२:६१:०० च्या पोत्यातला टाइम क्रिस्टल

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात १२:६१:०० माहीत नाही असा बागायतदार विरळाच. पांढरं, बारीक दाण्याचं विद्राव्य खत. बादलीत ढवळलं की विरघळतं आणि व्हेंचुरीतून (पाण्याच्या ओढीने खत खेचणाऱ्या नळीतून) थेट ठिबकला लागतं. नाव मोनो अमोनियम फॉस्फेट. याच क्षाराच्या स्फटिकात २०१८ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाला टाइम क्रिस्टलच्या, म्हणजे ठरावीक वेळाने स्वतःला पुन्हापुन्हा गिरवणाऱ्या पदार्थाच्या, खुणा दिसल्या.

मूळ कल्पना नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक विल्चेक यांची, २०१२ ची. मिठाच्या खड्यात अणूंची रचना ठरावीक अंतरावर पुन्हा येते. तशी ती ठरावीक वेळाने, बाहेरून काही न देता, पुन्हापुन्हा आली तर? भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्रुनो यांनी लगेच हरकत घेतली. २०१५ मध्ये हारुकी वातानाबे आणि मासाकी ओशिकावा यांनी तर गणितानेच दाखवलं, की समतोलातल्या, म्हणजे बाहेरून न ढवळता शांत ठेवलेल्या, पदार्थात हे जमणार नाही. माझ्या मते मूळ कल्पना तिथेच निकालात निघाली. पुढे फोफावलं ते त्याच नावाचं वेगळं वाण.

२०१६ मध्ये वेदिका खेमानी, शिवाजी सोंधी आणि त्यांचे सहकारी, तसंच डॉमिनिक एल्स, बेला बाउअर आणि चेतन नायक यांनी समतोलाचा हट्ट सोडला. पदार्थाला बाहेरून ठेका द्यायचा, पण त्याने उत्तर द्यायचं दुप्पट कालावधीने. खंजिरीच्या दर दोन थापांना टाळकऱ्याने एकदाच टाळ वाजवावा, आणि खंजिरीवाल्याची थाप जराशी कमीजास्त पडली तरी त्याने आपली लय सोडू नये, तसं. हे न ढळणं हीच खरी परीक्षा.

२०१७ मध्ये मेरीलँड विद्यापीठात यटर्बियम या धातूच्या १० आयनांच्या (विद्युतभारित अणूंच्या) माळेत आणि हार्वर्ड विद्यापीठात हिऱ्यात ते दिसलं. दोन्हीकडे रचनेत थोडी अव्यवस्था होती, आणि ती लागतेच असं बहुतेकांना वाटत होतं. येलचा स्फटिक मात्र नीटनेटका, घरी वाढवता येईल इतका साधा. त्यातल्या फॉस्फरसच्या अणुकेंद्रांना चुंबकीय क्षेत्रात ठेवून रेडिओ लहरींचे ठोके दिले, तर तिथेही तोच दुप्पट ठेका! २०२१ मध्ये गूगलने क्वांटम संगणकाच्या २० क्युबिटवर (त्यातल्या माहितीच्या मूळ घटकांवर) हेच दाखवलं.

यातून फुकट ऊर्जा मिळते, असे मेसेज फिरतात. मिळत नाही, ठोके थांबले की ठेकाही थांबतो. आणि पोत्यातलं खत पोत्यात असताना खतच असतं.