लीनता आणि लाचारी

देवापुढे लीन व्हायचं म्हणजे स्वतःला तुच्छ मानायचं, असा समज घराघरांत आहे. माथा दोन्हीकडे वाकतो, म्हणून घोटाळा होतो.

नामदेवांची गोष्ट घ्या. संत जमले असताना गोरोबाकाकांनी, म्हणजे संत गोरा कुंभारांनी, मडकी घडवायचं थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं. बाकीचे शांत राहिले, नामदेव चिडले आणि कच्चं मडकं ठरले. त्यांचा अभिमान पैशाचा नव्हता, विद्येचाही नव्हता. विठ्ठल माझ्याशी बोलतो, माझ्या हातचं जेवतो, याचा होता. भक्तीतून उगवलेला असा गर्व ओळखायला सगळ्यांत कठीण; तो भक्तीच वाटतो. मग औंढ्या नागनाथाच्या शिवमंदिरात विसोबा खेचर, पुढे त्यांचे गुरू झालेले, पिंडीवर पाय ठेवून पडलेले दिसले. नामदेवांनी हटकलं, तर म्हणाले, देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. पाय नेले तिथे पिंड उभी राहिली! या कथेत नामदेवांना कुणी नालायक ठरवत नाही. सुटली ती फक्त देवावरची मालकी. लीनता म्हणतात ती हीच.

लाचारी बाहेरून लादली जाते. संत चोखोबांना जातीमुळे पंढरपूरच्या देवळात पाऊल टाकायला बंदी होती. विठ्ठलापुढे त्यांनी जीव ओवाळला, पण ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’, म्हणजे ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो, असं ठणकावूनही सांगितलं. त्यांच्यासारख्याला ‘जरा नम्र हो’ म्हणणारा स्वतःचाच अहंकार गोंजारत असतो, असं मला ठामपणे वाटतं.

फरक ओळखायचा तर वारीत बघा. एक वारकरी ‘माउली’ म्हणत पाया पडतो, त्याच क्षणी समोरचाही त्याच्या पाया पडतो. वय, जात, हुद्दा कुणी विचारत नाही. एकानंच वाकायचं आणि दुसऱ्यानं ताठ उभं राहायचं, तिथे लीनतेचं नाव घेऊ नये.

मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या त्या नामदेवांनीच, असं परंपरा सांगते. समाधी मात्र महाद्वाराबाहेरच राहिली. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, ते याच देवळाचं दार दलितांना उघडावं म्हणून. विठ्ठलापुढे इतका लीन असलेला हा माणूस त्या बंदीपुढे तसूभरही वाकला नाही.